हळदीची धावपट्टी

आमच्या गावाला विमानतळ होता, विमान तेवढं नव्हतं. सांगलीपासून बारा मैलांवर, गावाच्या वरच्या अंगाला लांबच लांब माळ आणि त्या माळावर कुण्या जमान्यात केलेली धावपट्टी. वर्षातून दोन-तीनदा एखादं लहान विमान यायचं, कुणी मोठा माणूस उतरायचा, मोटारीत बसून सांगलीला जायचा आणि संध्याकाळच्या आत उडून जायचा. बाकीचे दिवस पट्टी आमची. बहात्तरच्या दुष्काळात तिची डागडुजी निघाली तेव्हा घराघरातल्या माणसांनी तिथं खडी फोडली होती. पट्टी सरकारची आहे हे कुणी नाकारत नव्हतं, पण खडी आपण फोडलीय हेही कुणी विसरत नव्हतं. त्याच हक्कानं माघ-फाल्गुनात अख्ख्या गावाची शिजवलेली हळद त्या पट्टीवर वाळायला पडायची.

आता सत्तरी उलटली तरी तो वास नाकातून गेलेला नाही. काहिलीतून काढलेली गरम हळद, खालचं तापलेलं डांबर आणि माळावरचा वारा. हल्ली हळद वाळवायला लोक कसले कसले कागद अंथरतात, त्यात मला काही राम वाटत नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या नाकाचं कुणी मनावर घेऊ नये.

मी गोष्ट सांगतोय ती चौऱ्याहत्तर सालची. माझं वय वीस. आमच्या घरात पुरुषानं फौजेत जायचं, हे ऊस लावायचा असतो इतकं सरळ होतं. आजोबा पहिल्या महायुद्धात गेलेले, वडील हंबीरराव, म्हणजे आमचे आबा, सुभेदार होऊन परतलेले, थोरला भाऊ जोतीराम सिक्कीमच्या बर्फात उभा. माझा नंबर आला तेव्हा मीही साताऱ्याला भरतीला गेलो. धावलो, छाती फुगवली, सगळं पार पडलं. शेवटी डॉक्टरनं पाय ओले करून फरशीवर उभं राहायला लावलं. बाकीच्या पोरांच्या पावलांचे ठसे मध्ये तुटलेले, माझा ठसा भाकरीसारखा अख्खा. तळवे सपाट. डॉक्टरनं मान हलवली आणि माझा कागद दुसऱ्या ढिगात टाकला.

आबा माझ्याबरोबर होते. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत एस.टी.त ते एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतरही घरात बोलायचे ते कामापुरतं, तेही भिंतीला सांगितल्यासारखं. कुणी विचारलं, "सुभेदार, धाकटं काय करतंय?" की म्हणायचे, "हाय घरी." त्यांनी माधवनगरच्या गिरणीत ओळखीनं शब्द टाकून ठेवला होता. पाडवा झाला की मी तिथं मागावर उभं राहायचं, असं ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारा म्हणायचं तोंड मला नव्हतं.

त्या दिवाळीच्या सुमारास मी रोज माळावर जाऊन बसायचो. गावात बसलं तर लोक विचारायचे, माळावर विचारायला कुणी नव्हतं. एक दिवस पट्टीच्या कडेला पाय पसरून बसलो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तमा, तुझ्या टाचंपाशी खडा हाय. उचल."

बिराप्पा सार्जंट. जतकडचा धनगर, विमानदलात पंधरा वर्षं काढून आलेला, नुकताच पट्टीवर राखणदार म्हणून लागलेला. अर्धी बोली कानडी वळणाची, अर्धी हिंदी; 'तमा' म्हणजे त्याच्या कानडीत धाकटा भाऊ. कडक इस्त्रीची खाकी घालायचा आणि निर्मनुष्य माळावर रोज सकाळी झेंड्याला द्यावी तशी खांबावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीला सलामी द्यायचा. गाव त्याला अर्धवट समजत होतं.

मी खडा उचलला. "काय करतुयस हितं?" म्हणाला. मी सांगितलं, भरतीत नापास झालो. "कशात?" तळवे सपाट.

तो मोठ्यानं हसला. "अय्यप्पा! ईमानाला तळवंच न्हाईत गड्या, चाकं हायत. त्याचं कुठं काय अडलंय?"

खरं सांगतो, वर्षभरात माझ्या तळव्यांवर कुणी हसलं नव्हतं. सगळे गप्प व्हायचे. त्या हसण्यानं मला इतकं हलकं वाटलं की मी दुसऱ्या दिवशी आपणहून गेलो.

सार्जंटचं एक वेड होतं. तो म्हणायचा, खेड्यातल्या पोरांना विमानतळ म्हटलं की दोनच माणसं दिसतात, विमान उडवणारा आणि चहा देणारी बाई. "लहानपणी मेंढरं राखताना वर ईमान बघायचो. वाटायचं, त्यात बसणारा एक आन् उडीवणारा एक, संपलं. आपल्याजोगं तिथं काय काम असंल, हे सांगायला कोण नव्हतं. म्या बावीस वर्साचा झालो तवा कळलं. वर दोघं असत्यात, खाली पन्नास." हे पन्नास जण कोण, हे आम्हाला कळल्याशिवाय मरायचं नाही असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

त्यानं दर रविवारी कडुलिंबाखाली वर्ग सुरू केला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी कागद दिला नव्हता. आम्ही सात जण जमलो. त्यातली एक मुलगी, अंजना. तिचे वडील माधवनगरला गिरणीत होते, छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर, शिक्षणाचं फार. तिला आकाशाचं वेड. ढग बघून त्याची वहीत नोंद ठेवायची, आणि अशा कामाचा पगार मिळतो हे सार्जंटकडून कळलं त्या दिवशी ती घरापर्यंत पळत गेली. आकाराम म्हणून माझा मित्र होता, तो मुख्यतः बैलगाडीसाठी लागायचा.

बैलगाडी म्हणजे आमचं विमान. विमान उतरलं की खाली उभा राहून हातवाऱ्यांनी त्याला जागेवर आणणारा माणूस असतो, हे काम मला शिकायचं होतं. माझ्या दोन्ही हातात घरातली धुणं बडवायची धोपाटणी. समोरून आकाराम गाडी हाकत यायचा. मी डावं धोपाटणं हलवलं की त्यानं वळायचं, दोन्ही डोक्यावर फुलीसारखी धरली की थांबायचं. आकारामला सगळं कळायचं, बैलांना नाही. एकदा मी फुली धरून उभा राहिलो आणि पैरण्या नावाच्या बैलानं मला सरळ चिंचेपर्यंत रेटत नेलं. सार्जंट मागून ओरडत होता, "फुली सोडू नको! पायलट अजून तुझ्याकडं बघतोय!"

आणि खडेवेचणी. विमानाच्या पंख्यात बारीकसा खडा गेला तरी घात होतो, म्हणून सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून ओळीत, मान खाली घालून, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि दिसेल तो खडा उचलायचा. पहिल्या वेळी बांधावरच्या बायकांनी विचारलं, "काय हरवलंय रं पोरांनो?" आम्ही काही नाही म्हणालो. त्यांना वाटलं, सोनं सांडलंय आणि पोरं लपवतायत. अर्ध्या तासात बारा बायका आमच्या मागून खाली बघत चालायला लागल्या. सार्जंट खूश. म्हणाला, रोज असंच सोनं हरवलं पाहिजे.

या सगळ्यात आबांचं मत एका वाक्यात होतं. जेवताना ते ताटाकडं बघत म्हणाले, "सुभेदाराचं पोरगं ईमानतळावर हमाली करनार व्हय?" माझी आत्ती बनुबाई, आबांची थोरली बहीण, माहेरी परतलेली विधवा आणि घरातली खरी सुभेदार, तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, "बोजं उचलायची लाज न्हाई आपल्याला. रानात काय करतुया मग?" आबा हात धुऊन उठले.

फाल्गुन लागला आणि सार्जंटला पत्र आलं. विमानदलातले त्याचे जुने साहेब आता मुंबईच्या विमानतळावर मोठ्या हुद्द्यावर होते. सार्जंट त्यांना चार महिने पत्रं पाठवत होता. साहेबांनी कळवलं होतं की पट्टीची तपासणी करायला ते अमुक तारखेला सकाळी दहाला लहान विमानानं येतील. तासाभरानं पुढं जायचं आहे, पण त्यातला अर्धा तास ते पोरांना देतील. ज्यांना कामाची समज आहे अशा दोघा-तिघांची नावं नेतील, जूनमध्ये मुंबईत शिकाऊ म्हणून घ्यायला. पाडवा त्यानंतर आठ दिवसांवर होता.

पत्र वाचून झालं. घरी येऊन गोठ्यात जाऊन उभा राहिलो. मला ते हवं होतं. साताऱ्याच्या भरतीइतकं हवं होतं, खरं तर जास्त, कारण भरती आबांची होती आणि हे माझं होतं.

विमान येणार म्हटल्यावर हळद उचलणं आलं. पट्टीवर हळद घालू देणं हा सार्जंटचा गुन्हाच होता, पण खडी फोडलेल्या माणसांना तो नाही म्हणू शकला नव्हता. पंचायतीनं हलगी वाजवून दवंडी दिली. दोन दिवसांत सगळं गाव पाट्या घेऊन माळावर आलं आणि पट्टी मोकळी झाली. आम्ही ती झाडली, वरून तिच्यावर आणि कडेच्या माळावर तीनदा खडेवेचणी केली. वेचलेले दगड गाडीत भरून पार ओढ्यात टाकले. सार्जंटनं गुडघ्यावर बसून डांबरावरून हात फिरवला आणि पसंतीची मान हलवली.

आदल्या दिवशी दिवस मावळताना त्यानं शेवटचं काम काढलं. पट्टीच्या तोंडाशी, डाव्या अंगाला, इंग्रजी 'टी' अक्षरासारखा मोठा पांढरा आकार असतो. उतरायला जागा मोकळी आहे आणि वाऱ्याकडं तोंड करून कोणत्या बाजूनं उतरायचं, हे तो 'टी' वरच्या माणसाला सांगतो. आमच्याकडं रेडिओ नव्हता. विमानाशी बोलायचं तर त्या 'टी'नंच. जुना धुवून गेला होता. आम्ही घमेल्यात चुना कालवला आणि अंधार पडेपर्यंत 'टी' रंगवला, पट्टीच्या तोंडावरचे पट्टेही ओढले. दिसत काही नव्हतं, पण हात चालत होता. मी घरी गेलो आणि कधी नव्हे ते शांत झोपलो.

सकाळी आठला माळावर पोचलो तर सार्जंट 'टी'पाशी उभा होता, कुणी थोबाडीत मारल्यासारखा. आमचा पांढरा 'टी' लाल झाला होता. नुसता लाल नव्हे, कुंकवासारखा लालभडक. पट्टेही लाल. आणि इतके दिवस रोज बघून डोळ्यांत न भरलेलं आता त्या लालापाशी उठून दिसत होतं, ते म्हणजे पट्टीचं ते अख्खं तोंड हळदीनं पिवळंधमक झालं होतं.

स्वागत बघायला गाव जमत होतं. आत्ती पुढं आली, वाकून बोट लावून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आरं मुडद्यांनो! हळदीवर चुना वतलाय. मग काय हुनार? कुंकू हुनार! म्होरच्या येळंला एखाद्या बाईला इचारत जावा की!"

सात पोरं, त्यांत एक मुलगी, पंधरा वर्षं विमानदलात घालवलेला सार्जंट, आणि ज्या गावात दर घरात कुंकू कसं होतं ते माहीत आहे ते सगळं गाव. आणि चुना कालवताना एकालाही सुचलं नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सार्जंट हसला नाही. म्हणाला, "लाल म्हंजी धोका. लाल बघून वरचा उतरायचा न्हाई."

चुना परत लावून उपयोग नव्हता, तोही लाल झाला असता. अजून सव्वा तास हातात आहे, गावातनं चादरी आणू, असं तो म्हणतोय तोवर अंजनाचं लक्ष वर गेलं. "सार्जंट, आवाज येतुय."

दहाचं विमान पावणेनऊलाच आलं. पूर्वेकडून खाली आलं, पट्टीवरून सरळ गेलं आणि वर चढलं. वळून परत आलं. या वेळी इतकं खाली की आत बसलेल्या माणसाचं डोकं दिसलं. परत वर गेलं.

"दोन झाल्या," सार्जंट म्हणाला. "पट्टीचं काम चाललंय आसं त्यास्नी वाटतंय. अजून एक घिरटी घालतील आन् जातील. त्यास्नी तेल पुरवायचं असतंय. पांढरं कायतरी पायजे. आत्ताच्या आत्ता."

बायकांची लुगडी हिरवी, जांभळी. पोरांचे सदरे घामानं आणि हळदीनं पिवळे. गाव मैलभर लांब. मी चौफेर बघितलं आणि मला माळाच्या कडेला ओळीनं बसलेली म्हातारी माणसं दिसली. साहेब येणार म्हणून सगळी धुतलेल्या कपड्यांत आली होती. सगळ्यांच्या डोक्याला पांढरेशुभ्र पटके. मध्ये आबा.

ज्यांना हे कळायचं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं चार माणसांत डोक्याचा पटका उतरतो तो मयताला, नाहीतर कुणाच्या पायावर ठेवून गयावया करायला. एरवी म्हाताऱ्याला पटका काढ म्हणणं म्हणजे त्याची अब्रू काढणं. सार्जंटला हे माहीत होतं. तो परगावचा माणूस, त्याचं तोंड उघडणं शक्य नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी धावत सुटलो.

आबांच्या समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा मला धाप लागली होती. वर्षभरात मी त्यांच्याकडं काही मागितलं नव्हतं.

"आबा, पटका द्या."

शेजारचे नानासो म्हणाले, "आरं, काय बोलतुयस कळतंय का?"

"पांढरं कापड भुईवर घालायचंय. त्याबिगर त्ये उतरनार न्हाईत," मी म्हणालो. आवाज रडका झाला होता, लपवून काय उपयोग. "परत चाललेत, आबा. आता गेलं तर माझं समदं गेलं."

आबांनी वर बघितलं. विमान लांब वळत होतं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. नीट, डोळ्यांत. साताऱ्यानंतर पहिल्यांदा. दोन्ही हात डोक्याला नेले आणि पटका उतरवला. त्यांच्या कानामागून टाळूपर्यंत गेलेला जुन्या जखमेचा पांढरा व्रण होता. घराबाहेर, चार माणसांत, मी तो कधी उघडा पाहिला नव्हता.

"बघताय काय?" ते बाकीच्यांना म्हणाले. "सोडा की. पोरं खोळंबल्यात."

सुभेदारानं सोडल्यावर कोण बसून राहतो? नऊ पटके निघाले. आम्ही ते उचलून लाल आकाराच्या पलीकडं, पिवळ्याच्या बाहेर, कोऱ्या काळ्या मातीवर पळत नेले. अंजना वाऱ्याच्या पिशवीकडं बघून ओरडली, "मावळतीचा वारा! आडवं मावळतीला!" उभ्या दांडीला पाच, आडव्याला चार, एकाला एक लावून. आणि टाकलं की वाऱ्यानं उचललं. दाबायला दगड पाहिजे होते. तीन वेळा वेचलेल्या त्या माळावर शपथेलाही एक दगड नव्हता. सगळे आम्हीच ओढ्यात टाकून आलो होतो.

तेव्हा आबा चालत आले, उघड्या डोक्यानं, आणि स्वतःच्या पटक्याच्या टोकाशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. त्यांच्या मागून नानासो आले. मग एक एक करत सगळे. नऊ बोडकी म्हातारी माणसं त्या 'टी'च्या कडेनं गुडघ्यावर बसली आणि विमान आमच्या डोक्यावरून गेलं तरी एकानंही मान वर केली नाही. मला आजही तो देखावा आठवला की हसू येतं आणि लगेच दुसरंच काहीतरी होतं.

विमान पुढं गेलं. मला वाटलं, गेलं. मग त्यानं डावा पंख खाली केला, उगवतीकडून लांब वळसा घेतला आणि सरळ पट्टीच्या रेघेत खाली यायला लागलं. चाकं टेकली. हळदीचा एक पिवळा लोट उडाला.

मी धोपाटणी घेऊन पुढच्या टोकाला पळालो. माझ्यासमोर पहिल्यांदा खरं विमान चालत येत होतं, आणि ते आकारामच्या बैलांपेक्षा फार शहाणं निघालं. डावीकडं म्हटलं, डावीकडं आलं. फुली धरली, थांबलं. पंखा बंद झाला तरी माझी फुली डोक्यावर तशीच होती. सार्जंटनं येऊन हात खाली घेतले.

साहेब उतरले. उंच, करडे, हसायची सवय नसलेले. खाली वाकून त्यांनी पिवळ्या डांबरावर बोट घासलं, वास घेतला आणि सार्जंटकडं बघितलं. सार्जंट ताठ उभा. त्यानं एक शब्द लपवला नाही. हळद, परवानगी, चुना, सगळं सांगून टाकलं आणि चूक फक्त आपली आहे म्हणाला. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी इथं हळदीचं एक कांड जरी दिसलं तर तुम्हाला या जागेवर ठेवणं मला जमणार नाही. सार्जंट म्हणाला, जी. मग साहेबांनी विचारलं, "तो 'टी' कुणी घातला?"

सार्जंटनं माझ्याकडं बोट केलं.

"वारा बदलला असता तर काय केलं असतं?" त्यांनी मला विचारलं.

"टी फिरवला असता."

"फिरवायला वेळ नसता तर?"

"तर उचलून टाकला असता. चुकीचा असण्यापरास नसलेला बरा."

त्यांनी मान हलवली नाही की शाबास म्हटलं नाही. कडुलिंबाखाली जाऊन बाजेवर बसले आणि अर्ध्या तासाचा पाऊण तास आमच्याशी बोलले. अंजनाची ढगांची वही त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. शेवटी खिशातून डायरी काढली आणि दोन नावं लिहिली. तिचं आणि माझं. माझ्या तळव्यांचं मी आपणहून सांगून टाकलं, नंतर कटकट नको म्हणून. त्यांनी सार्जंटकडं बघून विचारलं, "हा उभा राहू शकतो ना?"

"दिवसभर, सर," सार्जंट म्हणाला.

जूनमध्ये मी मुंबईला गेलो आणि चौतीस वर्षं विमानं जागेवर आणून उभी केली. सुरुवातीची दोन वर्षं बोजे उचलले, म्हणजे आबा म्हणाले होते तेच केलं, आणि त्याची लाज वाटली नाही. अंजना हवामानात गेली आणि माझ्यापेक्षा पुष्कळ वर चढली. सार्जंटचा वर्ग पुढं नऊ वर्षं चालला. गावातली आणि आसपासच्या वाड्यांची किती माणसं त्या कडुलिंबाखालून कुठं कुठं गेली, ते त्याला तोंडपाठ असायचं. तो गेला तेव्हा मी मुंबईत ड्यूटीवर होतो आणि मला यायला जमलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

पण त्या दिवशीचं एवढंच सांगायचं राहिलंय. विमान उडून गेलं. गाव पांगायला लागलं. म्हाताऱ्यांनी आपापले पटके झटकून उचलले, मातीनं मळलेले, कुठं हळदीचे, कुठं लाल डाग पडलेले. आत्ती म्हणाली, घरी द्या, धुवून देते. आबा म्हणाले, बोडक्यानं गावात शिरायचं न्हाई.

आमच्या घरात पटका एकट्यानं बांधत नाहीत. पंधरा हात कापड, दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. कळायला लागल्यापासून ते टोक धरायचं काम माझं होतं, रोज सकाळी, सोप्यात. साताऱ्याहून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आबांनी ते टोक दाराच्या कडीला अडकवायला सुरुवात केली होती. मी रोज शेजारी उभा असायचो आणि ते कडीला अडकवायचे. हे मी आजवर कुणापाशी बोललो नव्हतो.

आबांनी पटका झटकला, घडी घातली आणि इकडंतिकडं बघितलं. वाऱ्याच्या पिशवीचा खांब हाताच्या अंतरावर होता, त्याला गाठ मारता आली असती. त्यांनी खांबाकडं बघितलं, मग टोक माझ्यापुढं केलं.

"धर."

मी धरलं आणि मागं मागं सरत गेलो, कापड पूर्ण ताणेपर्यंत. ते तिकडून डोक्याला एक एक फेरा देत माझ्याकडं येऊ लागले. मी त्यांच्याकडंच बघत होतो आणि कापड सैल पडत होतं.

"नीट धर की रं, सयाजी," आबा म्हणाले.